हरण्याचा गुडघा

क्लबात मालकाला सगळे साहेब म्हणत. ती एकटी त्याला भाऊजी म्हणायची, कारण तो तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ होता. तो तिला वहिनी म्हणायचा, आणि त्याचं ऐकून गोलकीपरपासून गवत कापणाऱ्यापर्यंत सगळा क्लबच तिला वहिनी म्हणायला लागला होता. मास्तर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, तिच्या वडिलांच्या वयाचे, तेसुद्धा. त्यामुळे नव्यानं आलेल्यांना वाटायचं, बाईंची वर्णी घरच्या नात्यातून लागली असणार. तसं काही नव्हतं. भाऊजींनी क्लब विकत घेतला त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे फिजिओ होती. मुरगळलेले घोटे, आखडलेल्या मांड्या आणि सुजलेले गुडघे यांतच तिची उमेदीची वर्षं गेली होती, आणि त्या काळात भाऊजींना ऑफसाइड म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. ते अजूनही नीट ठाऊक नाही अशी तिची शंका होती.

भाऊजींचा धंदा फरश्यांचा. गावात नव्या इमारती उठत होत्या तेव्हा त्यांनी हात धुऊन घेतले. पैसा झाला, टेकडीवर बंगला झाला, मग नाव हवंसं वाटायला लागलं. फरशीवर लोक पाय देतात, मालकाचं नाव विचारत नाहीत. क्लब तोवर सभासद चालवायचे. कुरकुरत, भांडत, रंगाचे डबे उधार आणत, पण कुणाचं देणं डोक्यावर न ठेवता. भाऊजींनी सभेत उभं राहून सांगितलं की हा संघ मी सगळ्यात वरच्या श्रेणीत नेऊन दाखवीन, आणि त्याच म्हाताऱ्या सभासदांनी टाळ्या वाजवून क्लब त्यांच्या हवाली केला. तीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होती. घरचाच माणूस, आपल्या डोळ्यांदेखत वाढलेला. वाटलं, हा काय वाईट करणार?

पहिली दोन वर्षं झकास गेली. नवं गवत आलं, नवे दिवे आले, संघासाठी निळी बस आली. बाहेरगावचे महागडे खेळाडू आले. भाऊजींचं गणित साधं होतं. वरच्या श्रेणीत गेलो की टीव्हीचा पैसा सुरू होतो. तो आला की सगळं फिटेल. तोवर कर्ज काढायचं. कर्ज काढलं ते क्लबच्या नावावर, आणि तारण ठेवलं क्लबचंच मैदान. संघ वर जाता जाता एका गोलानं राहिला. दुसऱ्या वर्षी पुन्हा राहिला. टीव्हीचा पैसा आला नाही. कर्जवाले मात्र वेळेवर आले.

मग एकेक गोष्ट गळायला लागली. आधी न्हाणीघरातलं गरम पाणी गेलं. मग पगार पुढे ढकलले गेले. महागडे खेळाडू करार मोडून निघून गेले आणि गावातली पोरं तेवढी उरली. तिच्या खोलीत चिकटपट्टी संपली तर मागणीवर सही करायला कुणी जागेवर नसे. ती घरच्या फ्रीजमधला बर्फ डब्यात भरून न्यायची आणि लवचिक पट्ट्या धुऊन वाळत घालायची. गोलकीपर म्हणायचा, वहिनी, जाळीला भोक पडलंय ते शिवू नका, निदान गोल झाला की नाही यावर भांडता तरी येईल. सगळे हसायचे. पगार नसलेली माणसं जरा जास्तच हसतात, हे तिला त्या वर्षी कळलं.

क्लबात गहाण न पडलेली एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे हरण्या.

हरण्या हे त्याचं खरं नाव नव्हे. पण तो चेंडू घेऊन सुटला की मागचे बचावपटू पाय रुतल्यासारखे दिसत, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. बाप रंगारी होता. प्रेक्षकांच्या कठड्याला दरवर्षी त्यानंच रंग दिलेला. हरण्या लहानपणापासून इथेच खेळत मोठा झाला. आता चोविशीत होता, लग्न झालं होतं, बायकोला दिवस गेले होते. त्याच्यावर एका मोठ्या क्लबचा डोळा होता. त्यांची माणसं येत्या शनिवारी त्याला बघायला येणार होती, आणि सोमवारी सरावात त्याचा उजवा गुडघा सुजला.

तिची खोली प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांखाली होती. छत तिरकं, उंच माणूस आत आला की अर्ध्यात वाकायचा. तिनं हरण्याला पलंगावर झोपवून गुडघा दोन्ही हातांत धरला, हळूच पुढे ओढून पाहिला, आणि तिला नको होतं ते हाताला लागलं. लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. सगळं नव्हे. विश्रांती दिली, मांडीचे स्नायू नीट तयार केले, तर महिन्या-दीड महिन्यात तो पुन्हा पळाला असता. तिनं त्याला तसं सांगितलं, मास्तरांना सांगितलं, आणि अहवाल कार्यालयात दिला.

दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वतः खोलीत आले. ते कधी तिथे येत नसत. दारात वाकले, आत येऊन स्टुलावर बसले, आणि आधी सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले,

"वहिनी, एवढा एकच सामना. नंतर तो त्यांचा, गुडघाही त्यांचा."

"भाऊजी, त्याचा गुडघा त्याचाच आहे."

"तो विकला गेला तर सगळ्यांचे पगार निघतात. मास्तरांचे, गवतवाल्याचे, तुमचे. नाही गेला तर महिनाअखेर मी कुलूप लावतो. एवढी घरं तुमच्या एका अहवालावर उभी आहेत, एवढंच लक्षात घ्या."

त्यांनी हे अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कर्ज काढताना कुणी तिचा अहवाल मागितला नव्हता. मैदान गहाण टाकताना कुणी मास्तरांना विचारलं नव्हतं. आणि आता सगळ्यांच्या चुलीची जबाबदारी एका सुजलेल्या गुडघ्यावर आणि तो तपासणाऱ्या बाईवर आली होती. ती म्हणाली, की त्याला खेळवलंत तर तो मोडेल, आणि मोडला तर ते लोक त्याला घेणार नाहीत, मग तुमचाही व्यवहार बुडाला. निदान धंद्याच्या भाषेत तरी कळेल असं तिला वाटलं होतं. भाऊजी उठले, पँटवरची न दिसणारी धूळ झटकली आणि म्हणाले, "बघू." त्यांच्या तोंडी बघू म्हणजे ठरलं, हे सासरच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून कुणाचातरी चष्मा फडक्यानं पुसत होता. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. काम घरी आणायची त्याला सवय नव्हती. सासूबाई आतल्या खोलीत टीव्ही बघत होत्या. तो काच पुसतच राहिला आणि चष्म्याकडे बघतच म्हणाला, की धाकट्याचा फोन आला होता, तू जरा समजून घ्यायला हवंस, पोरगा स्वतः खेळतो म्हणतोय तर तू का आडवी येतेस.

"तुम्हाला फुटबॉलमध्ये कधीपासून गोडी?" तिनं विचारलं.

त्यानं चष्मा टेबलावर ठेवला. मग हळूहळू बाहेर आलं. मागच्या हंगामात बँकेनं क्लबला आणखी कर्ज द्यायला जामीन मागितला होता. भाऊजींना फरश्यांचा धंदा त्यात गुंतवायचा नव्हता. त्यांनी मोठ्या भावाला गाठलं. आणि मोठ्या भावानं दुकान आणि राहता फ्लॅट, दोन्हींवर सही करून दिली. आईनं सांगितलं होतं, भाऊ भावाच्या पाठीशी नाही उभा राहणार तर कोण. बायकोला सांगायचं राहून गेलं.

"राहून गेलं?"

"तू चिडली असतीस."

लग्नाला एवढी वर्षं झाली, ती त्याला अहो-जाहोच करायची. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या तोंडून "तू" गेलं. "तू माझं घर दिलंस," ती म्हणाली. "मला न विचारता. आणि आता त्या पोराचा पाय देऊन ते सोडवायला निघालास." आवाज चढला नव्हता, पण आत टीव्ही बंद झाला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एवढंच म्हटलं, की घरातल्या माणसापेक्षा परका जवळचा झाला का. तिनं ताट न वाढता बॅग उचलली आणि रस्त्यावर तासभर पाय नेतील तिकडे चालत राहिली. दुकानांचे दिवे लागत होते, लोक भाजी घेत होते, आणि तिला प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं.

बुधवारी तिनं हरण्यालाच गाठलं. बाकी कुणाशी बोलण्यात अर्थ नव्हता. तिनं काही लपवलं नाही. म्हणाली, आज दोर अर्धा आहे, शनिवारी पूर्ण तुटेल, त्याबरोबर आतली गादीही फाटेल, आणि मग जो पळेल तो तू नसशील. हरण्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की साहेबांनी त्याला शब्द दिलाय, व्यवहार झाला की थकलेला सगळा पगार एकदम. घरभाडं तुंबलंय. बाळ येतंय. मोठ्या क्लबात गेलो की तिथले डॉक्टर बघतील गुडघ्याकडे. तो भाबडा नव्हता. त्याला जे दिसत होतं त्यातलं त्यानं निवडलं होतं, आणि त्याला दुसरं काही दिसू नये याची तजवीज भाऊजींनी करून ठेवली होती. आधी पगार थकवायचा, मग त्याच थकलेल्या पगाराचं आमिष दाखवायचं. याला ती काय म्हणणार? मास्तरांकडे गेली तर मास्तर म्हणाले, यादी वरून येते, वहिनी. आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

शनिवारी ती पोचली तेव्हा हरण्याच्या गुडघ्यात सुई टोचून झाली होती. भाऊजींनी बाहेरून कुणी डॉक्टर आणला होता. तो तिच्या खोलीत, तिच्याच बेसिनमध्ये हात धूत होता. तिच्याकडे बघून ओळख असल्यासारखा हसला आणि निघून गेला. पलंगावर हरण्या बसला होता. दुखत नव्हतं म्हणून खुशीत होता.

"पट्टी बांधता ना, वहिनी?"

ती हलली नाही.

"नाही बांधलीत तर मी माझी बांधतो," तो म्हणाला, आणि खरंच त्यानं पट्टीची गुंडाळी उचलली. पहिलाच वेढा चुकीचा घातला.

पुढे कितीतरी दिवस ती या एका क्षणाशी भांडत राहिली. निघून जायचं होतं. रेफरीला सांगायचं होतं. पण समोर तो चुकीचा वेढा दिसत होता, आणि तसाच मैदानात गेला तर पहिल्या धावेतच पडणार हे दिसत होतं. तिनं गुंडाळी त्याच्या हातातून हिसकावली आणि दात-ओठ खात, बांधता येईल तेवढी घट्ट पट्टी बांधली. भाऊजींना दाराशी उभं राहून ते बघायला मिळालं. त्यांनी मान डोलावली, जणू तिनं अखेर शहाणपणा केला.

हरण्या खेळला मात्र असा, की म्हाताऱ्या सभासदांनी खुर्च्या सोडल्या. पहिल्या अर्ध्यात त्यानं मधल्या रेषेपासून चेंडू घेतला, तिघांना चकवलं, गोलकीपरला आडवं पाडलं आणि चेंडू जाळीत ढकलला. वर काचेच्या दालनात भाऊजी मोठ्या क्लबच्या माणसांच्या पाठीवर थापा मारत होते. ती बाकावर बसून फक्त त्याचा उजवा पाय बघत होती. दुसऱ्या अर्ध्यात, अगदी साध्या वळणावर, आजूबाजूला कुणी नसताना, हरण्या वळला आणि गुडघा वळलाच नाही. तो पडला. ओरडला नाही. नुसता जमिनीवर हात आपटत राहिला.

ती धावत पोचली. पट्टीला हात लावायच्या आधीच तिला कळलं होतं. त्यानं तिचं मनगट धरलं आणि विचारलं, "ते बघतायत का?" तिनं वर पाहिलं. मोठ्या क्लबची माणसं उठून कोट चढवत होती. स्ट्रेचर मैदानाबाहेर पडायच्या आत ती दालनातून निघूनही गेली.

"नाही," ती म्हणाली. "तू माझ्याकडे बघ."

इस्पितळात नवीच गंमत कळली. खेळाडूंच्या विम्याचा हप्ता क्लबनं हंगामाच्या सुरुवातीपासून भरलाच नव्हता. खिडकीवरची बाई दोनदा तपासून म्हणाली, हे कार्ड चालत नाही. शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी होती आणि तिचा खर्च रंगाऱ्याच्या घराला झेपणारा नव्हता. हरण्याची बायको बाकावर पोटावर हात ठेवून बसली होती. तिनं विचारलं, साहेब येतायत ना? वहिनी फोन लावत होती. आधी वाजत राहिला, मग बंद लागला.

भाऊजींचा आवाज तिला ऐकू आला तो मंगळवारी, स्थानिक वर्तमानपत्रातून. मास्तर पेपर घेऊन तिच्या खोलीत आले आणि तो पलंगावर ठेवून गेले. मालकांनी तीव्र दुःख व्यक्त केलं होतं. खेळाडूनं जुनी दुखापत लपवली, असं म्हटलं होतं. आणि पुढे, क्लबच्या वैद्यकीय विभागानं त्याला तंदुरुस्त ठरवलं होतं. विभाग अनुभवी असल्यानं व्यवस्थापनानं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. वैद्यकीय विभाग म्हणजे ती. दुसरं कुणी नव्हतंच. झाडूसुद्धा तीच मारायची.

तिनं आधी त्या पेपरच्या बातमीदाराला फोन करून सांगितलं, हे खोटं आहे, मी नको म्हटलं होतं, माझं नाव घालून छापा. मग कामाच्या कपड्यांतच टेकडीवरच्या बंगल्याकडे निघाली. चढावर दम लागत होता, पण थांबली नाही. थांबली असती तर कदाचित परत फिरली असती, आणि तिला परत फिरायचं नव्हतं.

भाऊजी दिवाणखान्यात वकिलाबरोबर बसले होते. धाकटी जाऊ खिडकीपाशी होती. या जावेबद्दल घरात कुणाचं फारसं मत नव्हतं. देखणी, कमी बोलणारी, समारंभात नवऱ्याच्या डाव्या हाताला उभी राहणारी. ती वहिनीला बघून उठली आणि पाणी आणायला गेली.

"बसा ना, वहिनी," भाऊजी म्हणाले. "पेपरवाले काहीही छापतात."

ती बसली नाही. तिनं विचारलं, शस्त्रक्रियेचं काय. भाऊजींनी हात वर केले. म्हणाले, क्लब आता दिवाळखोरीत जातोय, सगळं बँकेच्या ताब्यात, माझ्या हातात एक दमडी नाही, मीच रस्त्यावर आलोय. हे ते संगमरवरी फरशीवर पाय पसरून सांगत होते. तिनं विचारलं, आणि हा बंगला? ती बाहेरची गाडी? फरश्यांचा धंदा?

वकील हसला. तो म्हणाला, की बाई, साहेबांच्या नावावर यातलं काहीच नाही. सगळं बाईसाहेबांच्या नावावर आहे, गेल्या वर्षीच केलं. कायद्यानं क्लबच्या देण्याशी त्याचा संबंध लागत नाही.

म्हणजे त्यांना गेल्या वर्षीच माहीत होतं. आपल्या डोक्यावरचं छप्पर बायकोच्या नावानं झाकून ठेवलं, आणि त्याच सुमारास भावाकडे जाऊन त्याचं छप्पर बँकेला दिलं. तिला वाटलं होतं की इथे येऊन आपण ओरडू, काहीतरी फोडू. पण राग एवढा झाला की आवाज उलट खाली उतरला. "भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही लहान होतात तेव्हा ताप आला की तुमचा भाऊ उशाशी बसायचा, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. त्याला तुम्ही विकलंत. हरण्याला विकायला काढलंत, तो विकला गेला नाही म्हणून फेकून दिलंत. आणि माझं नाव पुसायच्या फडक्यासारखं वापरलंत. मला तुमच्याकडून काही नको. त्याचा पाय तेवढा दुरुस्त करून द्या."

"कुठून देऊ?" भाऊजींचा सूर आता चिडका झाला. "सांगितलं ना, माझ्याकडे काही नाही."

"ऑपरेशनला किती लागतील?"

हे जावेनं विचारलं. ती पाण्याचा पेला हातात घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, कुणाला कळलं नव्हतं. वहिनीनं आकडा सांगितला.

"तू आत जा," भाऊजी म्हणाले. "तुला यातलं काय कळतंय?"

"फारसं नाही," जाऊ म्हणाली. तिनं पेला वहिनीच्या हातात दिला. "पण गाडी माझ्या नावावर आहे, असं आत्ता वकीलसाहेब म्हणाले. विकायची तर सही माझीच लागेल ना?"

भाऊजी उठून उभे राहिले. ते बायकोवर एवढे ओरडले की बाहेरचा माळी खिडकीशी आला. तिला अक्कल नाही, तिला काडीचा व्यवहार समजत नाही, ती कागदावरची मालकीण आहे, खरी नाही. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, की कागदावर तर कागदावर, बँकेला तेच दाखवणार ना तुम्ही? आणि मी खरी मालकीण नाही असं तुम्हीच चारचौघांत म्हणालात, तर बँकेलाही ते ऐकायला आवडेल. वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं शेजारी बसून जेवलो, आणि आपणही हिला शोभेची वस्तूच समजत होतो, याचा तिला आणखी एक वेगळा राग आला, स्वतःचा.

गाडी त्याच आठवड्यात विकली गेली. शस्त्रक्रिया झाली. हरण्याचं तुंबलेलं घरभाडंही त्यातूनच गेलं. जाऊ पुढे काही दिवसांनी माहेरी निघून गेली आणि बंगला तिनं भाड्यानं दिला. भाऊजींना दुसरीकडे जागा बघावी लागली. याबद्दल सासूबाईंनी दोन्ही सुनांशी बोलणं टाकलं.

बाकी काही वाचलं नाही. क्लब बुडाला. मैदानाच्या फाटकाला बँकेचं कुलूप लागलं, निळी बस लिलावात एका शाळेनं घेतली. पगार कुणालाच मिळाला नाही. वहिनीचा फ्लॅट गेला, नवऱ्याचं दुकान गेलं. तो आता दुसऱ्याच्या दुकानात काउंटरमागे उभा राहतो. दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, सासूबाईंसकट. तो वाईट माणूस नाही, आणि तिनं त्याला सोडलंही नाही. पण ती त्याला अजून "तू"च म्हणते, आणि त्यानं त्याबद्दल तक्रार केलेली नाही. भाऊजींनी दुसऱ्या गावात कुणाच्यातरी भांडवलावर बास्केटबॉलचा संघ घेतलाय म्हणे. तिथल्या सभेतही त्यांना टाळ्या पडल्या. पेपरात फोटो होता. तिनं तो पेपर चुरगाळला नाही, फाडला नाही; बातमीदाराला फोन करून त्या गावच्या पेपरचा पत्ता विचारला आणि घडलं ते सगळं लिहून पाठवलं. त्यांनी छापलं नाही. मग तिनं तिथल्या सभासदांच्या संघटनेला लिहिलं. अजून उत्तर नाही.

जुन्या सभासदांनी नगरपालिकेच्या मैदानावर नवा संघ उभा केलाय, सगळ्यात खालच्या श्रेणीत. मालक कुणी नाही. वर्गणी भरेल त्याला एक मत. मास्तर तिथे फुकट शिकवतात. यादी आता वरून येत नाही, म्हणून त्यांना ती करताना घाम फुटतो. वहिनी सकाळी एका दवाखान्यात नोकरी करते आणि संध्याकाळी तिथे जाते.

हरण्याही येतो. मुलीला कडेवर घेऊन येतो, तिला कठड्यावर बसवतो आणि व्यायाम करतो. तो चालतो, पायऱ्या चढतो, लहान मुलांना शिकवताना थोडाफार पळतोही. बघणाऱ्याला लंगडं काही दिसत नाही. पण चेंडू घेऊन सुटायचा तो जो झोत होता, तो गेला, आणि ते त्याला ठाऊक आहे.

परवा ती त्याचा गुडघा वाकवत होती. जरा जास्तच जोरात वाकवत असावी, कारण त्यानं तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "अजून चिडलाय का हो तुम्ही?"

"हो."

"साहेबांवर?"

"त्यांच्यावर. माझ्या घरच्यांवर. स्वतःवर."

"आणि माझ्यावर?"

"तुझ्यावरसुद्धा," ती म्हणाली. "पाय सैल सोड. अजून एकदा."